फोपनारमध्ये अक्षरं किती? चार, सहा, बारा की अठरा!

बुरहानपूर जिल्ह्यातल्या फोपनारचं नाव पाटीवर लिहा आणि तिसरीतल्या पोराला अक्षरं मोजायला सांगा. तो बोटं मोडत म्हणेल : फो, प, ना, र. चार!

आता हाच प्रश्न डेटाबेसला विचारा. ओरॅकलला ‘लेंग्थ’ विचारलीत तर उत्तर येतं सहा. मायएसक्यूएलला अगदी तोच शब्द, ‘लेंग्थ’, विचारलात तर उत्तर येतं अठरा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव युनिकोड रकान्यात ठेवून ‘लेन’ विचारलं तर सहा, ‘डेटालेंग्थ’ विचारलं तर बारा. चार कुणीच म्हणत नाही!

यात कुणीही चूक नाही. युनिकोडमध्ये ‘फो’ हे दोन वेगळे संकेत असतात, एक फ आणि एक त्याची मात्रा. ‘ना’चंही तसंच. म्हणून संकेत झाले सहा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट खातो, म्हणून अठरा. यूटीएफ-१६ मध्ये दोन बाइट, म्हणून बारा. कुणी संकेत मोजतो, कुणी बाइट. अक्षर मोजतो तो फक्त तिसरीतला पोरगा.

ही मोजणी आठवायला कारण घडलं. तापीकाठच्या केळीपट्ट्यातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा संगणकाचं शिक्षण घेऊन घरी आलाय आणि वडिलांच्या धंद्यासाठी प्रोग्रॅम लिहितोय. तोलपावती, शेतकऱ्याची उचल, हमाली, गाडीभाडं, सगळं त्यात. त्यानं फोनवर विचारलं, “भाऊ, ओरॅकल घेऊ, मायक्रोसॉफ्टचं घेऊ, की फुकटवालं?” सवाल एका ओळीचा होता. उत्तर देता देता माझी दुपार गेली, आणि त्या दुपारी त्याला सांगितलेल्या गोष्टी इतक्या रंगतदार निघाल्या की त्या इथे मांडतोय.

बुरहानपूर मावेना

गावाच्या नावाला वीस जागा पुरे, असं बहुतेक जण धरून चालतात. इंग्रजी स्पेलिंगला पुरतातही. पण ‘बुरहानपूर’ मराठीत लिहिलं की संकेत नऊ आणि बाइट सत्तावीस. ओरॅकलमध्ये रकाना आखताना काही वेगळं सांगितलं नाही, तर ते वीस म्हणजे वीस बाइट धरले जातात, आणि नाव आत जायलाच नकार मिळतो. ‘वीस कॅरेक्टर’ असं स्पष्ट सांगावं लागतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे फुकटवाले रकान्याची रुंदी संकेतांतच मोजतात, तिथे हा तंटा उद्भवत नाही.

एसक्यूएल सर्व्हरची खोड वेगळी. मराठी मजकूर अवतरणचिन्हांत लिहिताना त्याच्या आधी एक ‘एन’ लावायचा असतो. तो राहिला, तर ‘फोपनार’च्या जागी सहा प्रश्नचिन्हं साठतात. बरं, हा पडद्यावरचा दिखाऊ घोटाळा नसतो. मूळ अक्षरं गेलेली असतात आणि काही केल्या परत येत नाहीत. मी हे जवळून पाहिलंय. एका संस्थेच्या सभासदयादीत दोनशेच्या वर नावं अशी प्रश्नचिन्हं होऊन बसली होती, आणि आम्ही तिघांनी आठवडाभर जुनी पावतीपुस्तकं उलगडून ती पुन्हा टंकली. एका अक्षराचा विसर आणि सात दिवसांची मजुरी!

याच ओघात मराठी माणसानं जपावी अशी एक गोष्ट. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हा स्वतंत्र संकेत असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडसंकेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डेटाबेसच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. एका कळफलकावर टंकलेला ‘शेतकऱ्याचा’ दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर ‘नोंद सापडली नाही’ असं येतं, आणि माणूस समोर उभा असतो! यावर उपाय एकच, नोंद आत घेतानाच एक रूप ठरवायचं आणि दुसरं त्यात बदलून टाकायचं.

आणि अकारविल्हे? आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. युनिकोडच्या कच्च्या क्रमात ळ जातो ल च्या शेजारी आणि क्षीरसागर जाऊन बसतात कदमांच्या मागे. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, यादी लावताना भाषेचे नियम वापरण्याची सोय आहे, मराठीसाठीसुद्धा. डेटाबेस निवडताना ही चाचणी पाच मिनिटांत होते : दहा आडनावं भरा, यादी लावा आणि क्षीरसागर कुठे बसतात ते बघा.

बुद्ध मूर्ती आणि बदलता जिल्हा

फोपनार हे नाव दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आहे. १९६४ साली या गावात बुद्धाच्या सात कांस्यमूर्तींचा साठा सापडला. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे दीड हजार वर्षांच्या. कलेच्या इतिहासात हा साठा नावाजलेला आहे. मी डेटाबेसवाला, मला त्यात आणखी एक गंमत दिसते. मूर्ती सापडल्या तेव्हा गावाचा जिल्हा होता पूर्व निमाड, ठाणं खंडव्याला. बुरहानपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला १५ ऑगस्ट २००३ रोजी. गाव जागचं हललं नाही, जिल्हा बदलला. वर नावाची रूपं बघा : फोपनार, फोफनार, फोपनार कलां, आणि इंग्रजी स्पेलिंगं निराळीच.

आता सांगा, गावाची ओळख म्हणून नाव वापरायचं का? मुळीच नाही. गावाला एक निरर्थक क्रमांक द्यायचा, ज्यात जिल्ह्याचाही पत्ता नाही आणि स्पेलिंगचाही. नावं, जिल्हे हे त्या क्रमांकाला चिकटलेले तपशील, ‘अमुक तारखेपासून’ असं लिहून. त्या क्रमांकाला डेटाबेसवाले ‘प्रायमरी की’ म्हणतात. जिल्ह्याचं नाव क्रमांकातच गुंफलेलं असेल, तर जिल्हा बदलल्यावर सगळ्या जुन्या पावत्या तोडून फोडून नव्यानं बांधाव्या लागतात.

मध्य प्रदेशच्या समग्र ओळखपत्रात या विषयाचा पूर्ण धडा आहे. कुटुंबाचा क्रमांक आठ अंकी, सदस्याचा नऊ अंकी. कुटुंबांचा एक तक्ता, सदस्यांचा दुसरा, आणि प्रत्येक सदस्याच्या ओळीत त्याच्या कुटुंबाचा आठ अंकी क्रमांक. एवढ्यात ‘फॉरेन की’, म्हणजे दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणारा रकाना, कळली! माहेरची लेक सासरी गेली की तक्त्यांच्या भाषेत तिची स्वतःची ओळख तशीच राहते, फक्त कुटुंबाच्या रकान्यातला आकडा बदलतो. वर्गात दोन तास जे समजत नाही, ते या ओळखपत्रावर दोन मिनिटांत समजतं.

आधारच्या बारा अंकांचीही एक खुबी सांगतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो, ‘व्हरहॉफ’ नावाच्या रीतीनं. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, की चूक तिथल्या तिथे पकडली जाते, सर्व्हरला विचारायचीही गरज नाही. आणि देशातलं पहिलं आधार कुठे दिलं? याच तापीच्या खोऱ्यात खाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

सीमेवरच्या शेतकऱ्याची तर दुहेरी कथा. महाराष्ट्रातल्या रावेर तालुक्यातली जमीन सातबाऱ्यावर, मध्य प्रदेशातल्या बुरहानपूर तालुक्यातली खसऱ्यावर आणि बी-१ वर. माणूस एक, राज्यं दोन, तक्ते दोन, रकान्यांची नावं वेगळी. अशा माणसाचं एकच खातं करायचं असेल तर दोन्ही नोंदी सांधणारा तिसरा तक्ता लागतो. पोरगा म्हणाला, “आमच्या वहीत असे पुष्कळ आहेत.” मग पहिला तक्ता तोच बनव, म्हटलं.

पहिली आवृत्ती नसलेला ओरॅकल

हे सगळं ‘नातेतक्त्यांचं’ शास्त्र सुचलं एडगर कॉड या माणसाला. इंग्लंडचा गणिती, दुसऱ्या महायुद्धात शाही हवाई दलात वैमानिक, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. जून १९७० मध्ये त्याचा निबंध छापून आला : माहिती तक्त्यांत ठेवा, आणि ती कुठे कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्यावर टाकू नका. त्याच्याच कंपनीनं ते मनावर घ्यायला वेळ लावला. १९८१ मध्ये त्याला संगणकशास्त्रातला मानाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यानं खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे बारा नियम जाहीर केले, आणि ते मोजले तर भरतात तेरा, कारण सुरुवात शून्यापासून आहे!

विचारायची भाषा चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये मांडली. नाव होतं ‘सीक्वेल’. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीनं आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून स्वर गाळून एसक्यूएल झालं. आजही अर्धे लोक तिला सीक्वेलच म्हणतात.

आयबीएमचा निबंध वाचून १९७७ मध्ये लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी कंपनी काढली. १९७९ मध्ये त्यांनी ओरॅकल विकायला आणला तो थेट ‘आवृत्ती २’ म्हणून. पहिली आवृत्ती बाजारात आलीच नाही. पहिलीवर कोण विश्वास ठेवणार, असा हिशेब. ओरॅकल शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी ‘स्कॉट’ या नावानं आणि ‘टायगर’ या पासवर्डनं दार उघडलेलं असतं. ब्रूस स्कॉट हा कंपनीतला सुरुवातीचा प्रोग्रॅमर, आणि टायगर ही त्याच्या घरची मांजर.

मायएसक्यूएलचं ‘माय’ म्हणजे ‘माझं’ असं वाटतं ना? तो लिहिणाऱ्या फिनलंडच्या मोंटी विडेनियसच्या थोरल्या लेकीचं नाव ‘मी’. लिहिताना ते इंग्रजी ‘माय’सारखंच दिसतं. धाकटीचं नाव मारिया, म्हणून त्याच्या पुढच्या डेटाबेसचं नाव मारियाडीबी. मायएसक्यूएल सन या संगणक कंपनीकडे गेला २००८ मध्ये एक अब्ज डॉलरना, आणि सन कंपनीच ओरॅकलनं २०१० मध्ये घेतली. म्हणजे फुकटातला मोठा भिडू आणि महागातला मोठा भिडू आज एकाच छताखाली आहेत. निवड करताना हे ठाऊक असावं.

ओरॅकलमध्ये ‘ड्युअल’ नावाचा एक तक्ता असतो. नावाचा अर्थ दुहेरी, आत ओळ मात्र एकच, आणि त्या ओळीत एकच अक्षर, ‘एक्स’. मूळ लेखकाला त्यात खरोखर दोन ओळी हव्या होत्या, म्हणून ते नाव. आजची तारीख विचारायची तरी लोक वर्षानुवर्षं या तक्त्याकडे जात. तेविसाव्या आवृत्तीत कुठे ही अट सुटली. आणखी एक : ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि ‘माहीत नाही’ हे दोन्ही एकच. वडिलांचं नाव भरायचं राहिलंय आणि वडिलांचं नाव नोंदायचंच नाही, यातला फरक त्याला दाखवता येत नाही. बाकीच्यांना येतो.

कुंडी भंडारा म्हणजेच इंटरफेस

बुरहानपूरचा कुंडी भंडारा पाहिलाय? १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं. वर ओळीनं विहिरीसारखी तोंडं, त्याच कुंड्या. वरून बघणाऱ्याला खालचा बोगदा दिसत नाही. त्यानं पोहरा सोडायचा, पाणी वर घ्यायचं.

प्रोग्रॅमिंग इंटरफेस म्हणजे ही कुंडी. खाली कुणाचं इंजिन आहे हे न बघता प्रोग्रॅमनं प्रश्न सोडायचा आणि उत्तर वर ओढायचं. पूर्वी प्रत्येक कंपनीची कुंडी वेगळ्या मापाची होती. ओरॅकलसाठी सी भाषेत प्रो-सी, सायबेस या दुसऱ्या डेटाबेसची स्वतःची डीबी-लायब्ररी. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला चालत नसे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी आणलं आणि सगळ्यांसाठी एक माप ठरलं. १९९७ मध्ये जावासाठी जेडीबीसी आलं. पर्लचं डीबीआय, पायथॉनचं डीबी-एपीआय ही त्याच कुळातली.

ओडीबीसी ही मोठ्या ऑफिसांचीच गोष्ट, असं समजू नका. तुमच्या अडत्याच्या टॅलीतही ते आहे. टॅलीचं साठवण-इंजिन तिचं स्वतःचं, पण ती ओडीबीसीचं दार उघडू शकते, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर. एक्सेल उघडा, जोडणी द्या, आणि खात्यांची यादी समोर. हातानं उतरवून घेणाऱ्या कितीतरी मुनीमांना हे कुणी सांगितलेलंच नसतं!

पण इथे एक खरं बोललं पाहिजे. कुंडीचं माप एक झालं तरी बोली एक झाली नाही. फोपनारची मराठी आणि पुण्याची मराठी जशी, तसंच हे. व्याकरण एक, शब्द थोडे वेगळे. ‘पहिल्या दहा नोंदी दे’ हे एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ नं मागतात, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये ‘लिमिट’ नं, आणि ओरॅकलमध्ये २०१३ पर्यंत ‘रोनम’ची कसरत करावी लागे. पुढे २००८ च्या प्रमाण भाषेतलं ‘फेच फर्स्ट’ त्यानंही घेतलं. म्हणून माझा आग्रह असा की एसक्यूएलची सगळी वाक्यं प्रोग्रॅमच्या एकाच कोपऱ्यात ठेवावीत. इंजिन बदलायची पाळी आली तर तो एक कोपरा बदलायचा, चाळीस फायली नव्हे.

आणि जागाधारक! वसईच्या डिसोझांचं आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’ नंतर वरचा स्वल्पविराम येतो. तेच चिन्ह एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण असतं. प्रोग्रॅमरनं नाव थेट वाक्यात चिकटवलं तर डिसोझांची नोंद करताना प्रोग्रॅम कोसळतो. आणि कुणी वाईट हेतूनं त्या जागी नावाऐवजी आज्ञाच लिहिली, तर अख्खा तक्ता पुसला जाऊ शकतो. या हल्ल्याचं पहिलं जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये छापून आलं. उपाय त्याच्याही आधीपासून होता : वाक्यात नावाच्या जागी फक्त खूण ठेवायची आणि नाव वेगळं पाठवायचं. ओडीबीसी-जेडीबीसीमध्ये ती खूण म्हणजे प्रश्नचिन्ह. ज्या इंटरफेसमध्ये ही सोय नाही, तो कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

गाडी भरली, वीज गेली

केळीची गाडी काट्यावर आली. वजन झालं. शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा, व्यापाऱ्याच्या खात्यात नावे, उचल वजा, हमालीची नोंद. चार ओळी. दुसऱ्या ओळीनंतर वीज गेली तर?

चांगला डेटाबेस म्हणतो, चारही किंवा एकही नाही. याला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात, आणि त्याची चार लक्षणं १९८३ मध्ये ‘ॲसिड’ या नावानं बांधली गेली. हा पाया ज्यानं घातला तो जिम ग्रे. १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार त्याचा. २८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करायला तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ एकटाच शिडाच्या होडीतून समुद्रात गेला आणि परत आला नाही. जगभरच्या संगणकवाल्यांनी उपग्रहाची छायाचित्रं वाटून घेऊन समुद्राचा इंच न् इंच शोधला. होडी सापडली नाही. आपण एटीएममधून पैसे काढतो आणि मध्येच वीज गेली तरी खातं बरोबर राहतं, त्यामागे या माणसाचं काम आहे.

पैशाचा रकाना दशांश प्रकाराचाच ठेवा, ‘फ्लोट’ नको. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. दर पावतीला दिसणार नाही इतकं थोडं चुकतं आणि वर्षअखेर शिल्लक जुळत नाही. मग मुनीम रात्र रात्र जागतो.

किमतीची पाटी

आता विकत घ्यायच्या डेटाबेसांकडे. ओरॅकलच्या मोठ्या आवृत्तीची छापील किंमत वर्षानुवर्षं आहे एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, आणि देखभाल दरसाल किमतीच्या २२ टक्के. म्हणजे साडेचार वर्षांत देखभालच मूळ किमतीएवढी होते. प्रोसेसर मोजण्याचीही रीत आहे : नेहमीच्या इंटेल चिपमधले दोन कोअर म्हणजे एक प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टनं २०१२ पासून कोअर मोजायला घेतले, एका चिपला किमान चार. यंत्र घेताना ‘जास्त कोअर बरे’ असं म्हणून घेतलं की परवान्याचं बिल त्याच्या मागे धावतं.

छोट्यांसाठी दोघांच्याही फुकट आवृत्त्या आहेत. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसला बरीच वर्षं १० जीबीची मर्यादा होती. ऐकायला अपुरी वाटते. पोराला हिशेब घातला : रोज १०० पावत्या, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३०,००० ओळी. एका ओळीला ५०० बाइट धरले तर वर्षाला १५ एमबी. १० जीबी भरायला साडेसहाशे वर्षं! फोटो आणि सह्यांच्या प्रती त्यात कोंबल्या नाहीत, म्हणजे झालं.

वेग कुणाचा जास्त, हे वाचायला गेलात तर एक मजेदार भिंत लागते. १९८३ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेविट यांनी डेटाबेसच्या चाचण्या नावानिशी छापल्या. ओरॅकलचे आकडे फार वाईट आले. त्यानंतर परवान्यात कलम आलं : आमच्या परवानगीशिवाय चाचणीचे निकाल छापायचे नाहीत. दुसऱ्या कंपन्यांनीही ते उचललं. ‘डेविट कलम’ या नावानंच ते ओळखलं जातं. म्हणून सांगतो, स्वतःची तीस हजार ओळींची खरी माहिती भरा आणि स्वतः घड्याळ लावा.

पैसे मोजून घ्यावा असा प्रसंग असतोच. बँकेचं काम बघा. मुंबईच्या आय-फ्लेक्सचं फ्लेक्सक्यूब हे बँकिंग सॉफ्टवेअर जगभरच्या बँकांत पोचलं. ओरॅकलनं २००५ मध्ये त्या कंपनीतला मोठा हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये तिचं नावही बदललं. जिथे मध्यरात्री यंत्र थांबलं तर कुणीतरी उत्तर द्यायला बांधील असावं लागतं, तिथे त्या जबाबदारीचे पैसे मोजणं योग्यच आहे.

पण मोफतवाल्यांना कमी लेखू नका. पोस्टग्रेस बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाला, त्याचे जनक मायकेल स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्यूरिंग मिळाला. भारत सरकारनं मार्च २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरणच जाहीर केलं. मदतीला माणूसही लांब शोधायला नको. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं केंद्र पुण्यात आहे. १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढणारे आनंद देशपांडे यांची डॉक्टरेट डेटाबेसमधलीच. आणि जगभरचे विद्यार्थी डेटाबेस ज्या जाडजूड पुस्तकातून शिकतात, त्याच्या तीन लेखकांपैकी एक, सुदर्शन, पवईच्या आयआयटीत शिकवतात.

सगळ्यात जास्त पसरलेलं इंजिन तर तुमच्या खिशात आहे. एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या कामातून ते लिहायला घेतलं, कारण तिथला डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यावरचा प्रोग्रॅमही अडे. त्यावर कुणाचाच मालकीहक्क नाही. अँड्रॉइड फोनवरचे तुमचे व्हॉट्सॲप निरोप त्यातच साठतात. एका वेळी एकानंच लिहायचं ही त्याची शिस्त. म्हणून एका टेबलाच्या दुकानाला ते सोन्यासारखं, पण काट्यावर एक, गल्ल्यावर एक आणि घरी एक अशी तीन यंत्रं असतील तर ती फाइल सामाईक फोल्डरमध्ये ठेवू नका, बिघडते.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे किती सोसायट्यांचे, दुकानांचे हिशेब त्यावर चालत! मायक्रोसॉफ्टनं ते १९९२ मध्ये विकत घेतलं, शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची, आणि आधार पूर्ण थांबला जानेवारी २०१५ मध्ये. ज्यांनी माहिती वेळेत साध्या मजकूर-फायलींत काढून ठेवली, त्यांचं काही बिघडलं नाही. बाकीचे अजून एक जुनं यंत्र झाकून, पुसून जिवंत ठेवतात.

पोराला काय सांगितलं

तुझ्याकडे यंत्रं तीन, ओळी वर्षाला तीसेक हजार, आणि दुरुस्तीला तू स्वतः. पोस्टग्रेस घे. भाषा तुला येते ती पायथॉन, तिचा प्रमाण इंटरफेस वापर. गावांना क्रमांक दे, नावांना शंभर संकेतांची रुंदी, पैशाला दशांश. वडिलांचा सीए टॅलीच मागणार, तर रोजची जमा-नावे टॅलीत जाईल अशी एक फाइल काढ. उद्या धंदा वाढून ओरॅकल घ्यावासा वाटला, तर एसक्यूएलच्या वाक्यांचा तो कोपरा बदल, बाकी तसंच राहील.

आणि त्याला सांगितलेली शेवटची गोष्ट तुम्हालाही सांगतो, तुमचा डेटाबेस कुठलाही असो. कालचा बॅकअप आज दुसऱ्या एखाद्या संगणकावर चढवून बघा. गेल्या आठवड्यातली एक पावती त्यात उघडा, आणि वजन, दर, रक्कम कागदाशी ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. या रविवारी करा.